येते म्हणावं

१

रोज सकाळी साडेसातला लोकरमावशी विणकामाच्या खोलीचं कुलूप उघडायची. आधी शेगडी पेटवायची, शेगडीवर किटली ठेवायची, मग सुयांचे डबे काढून लांब टेबलावर मांडायची आणि किटली वाजेपर्यंत कुणाशी अक्षर बोलायची नाही. बावीस वर्षं हाच क्रम. मधल्या काळात तीन मुख्याध्यापिका बदलल्या, दोनदा छप्पर बदललं, पण किटली तीच होती आणि मावशीचा सकाळचा अबोलाही तोच.

शाळा मुलींची, निवासी, डोंगराच्या अर्ध्या चढावर. हिवाळ्यात दीड महिना खालचा रस्ता बंद व्हायचा आणि साठेक पोरी वरच अडकायच्या. पूर्वी त्या दीड महिन्यात शाळेची पार रया जायची. पोरी पांघरुणात तोंड खुपसून पडायच्या. एक शिंकली की दहा शिंकायच्या आणि एक रडली की वीस. तीन वर्षांपूर्वी नव्या मुख्याध्यापिका आल्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. त्यांनी आल्याआल्या जाहीर केलं की थंडीला भिऊन दारं लावून बसायचं नाही, तिला कवेत घ्यायचं. मग सकाळी हातकाम, दुपारी बर्फातली फेरी, संध्याकाळी सगळ्यांनी मोठ्या दालनात जमून गाणी आणि नकला, असा दीड महिन्याचा बेत ठरला. जेवणघराच्या दारावर त्यांनी स्वतःच्या हातानं पाटी रंगवली: ‘हिवाळ्याला या म्हणा!’

“या म्हटलं की येतो,” मावशी तेव्हा म्हणाली होती, “पण जा म्हटलं तर जातो का ते विचारा.” सगळे हसले होते. पण बेत चांगला होता हे तिलाही कबूल करावं लागलं. पोरींचे गाल लाल झाले, रडारड थांबली आणि विणकामाच्या खोलीत बसायला जागा पुरेना.

त्या साठ पोरी तिला मावशी म्हणायच्या, पण खरी भाची एकच होती. धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा पोर चार वर्षांची होती, आता नऊ. अंगापेक्षा मोठं काहीतरी सतत उचलून नेत असायची, म्हणून तिचं नाव पडलं मुंगी. व्हरांड्यातून सरळ चालणं तिला ठाऊक नव्हतं, लंगडी घालतच जायची. गुणाची पोर, सांगितलेलं ऐकायची. फक्त एक गोष्ट मावशीनं हजारदा सांगूनही तिच्या पचनी पडली नव्हती. “शाळेत सगळ्यांदेखत मला तुम्ही म्हणावं,” मावशी सांगायची. “बरं. तू म्हणशील तसं,” मुंगी म्हणायची. जगात मावशीला तिच्याशिवाय कुणी नव्हतं, आणि तिला मावशीशिवाय.

यंदाच्या हिवाळ्याच्या पाचव्या सकाळी करड्या लोकरीचा गुंडा शोधताना मावशीनं कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा उघडला. मागे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. तो तिनं वर्षभर उघडला नव्हता, उघडायचा नाही असं ठरवूनच मागे सारला होता. आता त्याचं झाकण नीट बसलेलं नव्हतं.

डब्यात लाल लोकरीचा अर्धा हातमोजा होता, सुयांसकट. मनगटाची पट्टी आणि वर बारा ओळी, एवढंच काम झालं होतं. मावशीला ते पक्कं आठवत होतं, कारण वर्षभर झोपताना तिला त्या बारा ओळीच दिसत होत्या. आता अंगठ्यासाठी टाके वेगळे काढलेले होते आणि त्याच्या वर आणखी चार ओळी चढल्या होत्या.

तिच्या मनात पाल चुकचुकली. पण तेवढ्यात किटली वाजली, पोरींचा घोळका दारात आला, आणि तिनं डबा मागे सारून कप्पा लावून टाकला.

२

त्या हातमोज्याची मालकीण गेल्या हिवाळ्यात अकरा वर्षांची होती. पोरी तिला शेपूट म्हणायच्या, कारण रांग कसलीही असो, ती शेवटी. संथ, शांत आणि डावखुरी. तिच्या घरी दुसरीच भाषा बोलत, आपली भाषा ती शाळेत येऊन शिकली होती, आणि शिकलेलं एकेक वाक्य जपून वापरायची. निरोप घेताना आपण काय म्हणतो, हे मात्र तिला कुणी सांगितलंच नव्हतं. विणकाम संपलं की ती सरळ म्हणायची, “जाते, मावशी.”

“जाते म्हणू नये गं. येते म्हणावं.”

“पण मी तर जाते आहे.”

“जाते आहेस, पण परत येणारेस ना? मग येते म्हण. जाते म्हणणारी माणसं परत येत नाहीत.”

पोरीनं ते मनावर घेतलं. विसरून जाते म्हणालीच, तर व्हरांड्यातून मागं यायची, दाराबाहेरच्या फळीवर उभी राहायची, आणि धडा म्हणून दाखवावा तसं म्हणायची, “येते, मावशी.” ती फळी सैल होती, पाऊल पडलं की करकरायची. मावशीला मोठं कौतुक वाटायचं. आपण कुणाला तरी काहीतरी नीट शिकवलं, असं वाटायचं.

गेल्या वर्षी शेवटच्या फेरीच्या दिवशी दुपारी दीडला शेपूट धावत आली. तिचा एक हातमोजा तयार होता आणि तो टेबलावर विसरला होता. दुसरा अजून सुईवर होता. तिनं तयार मोजा उचलला, “जाते, मावशी!” म्हणाली आणि पळाली.

“थांब. काय म्हणायचं?”

व्हरांड्याच्या मध्यावरून पोर मागं आली. फळीवर उभी राहिली. दम खात म्हणाली, “येते, मावशी.”

“शाबास. पळ आता.”

फेरीला निघताना खेळाचे सर सगळ्या पोरींना एका लांब दोराला बांधत. प्रत्येकीच्या कमरपट्ट्यातून दोर ओवायचा आणि गाठ स्वतःच्या हातानं मारायची, हा त्यांचा नेम. त्या दिवशी शेपूट पोचली तेव्हा रांग बांधून झाली होती आणि सर पुढच्या टोकाला उभे होते. त्यांनी लांबूनच ओरडून सांगितलं की मागे तूच गाठ मार. पुढे कड्याजवळच्या वळणावर ढग उतरला. दगडी निवाऱ्याशी सगळे थांबले तेव्हा दोराचं शेवटचं टोक मोकळं होतं.

बर्फ वितळल्यावर खालच्या गावातल्या माणसांनी एकूणएक घळ धुंडाळली. काही मिळालं नाही, लाल मोजासुद्धा नाही. चौकशी झाली, सरांना नाही नाही ते ऐकावं लागलं. मावशीला कुणी काही विचारलं नाही. पोरीला मागं बोलावण्यात गेलेलं ते अर्धं मिनिट फक्त तिलाच ठाऊक होतं, आणि तिनं ते कुणाला सांगितलं नाही. सर खाली मान घालून सगळं ऐकत होते तेव्हा ती मांडीवर हात ठेवून बसली होती आणि गप्प होती. याची तिला लाज वाटायची, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटायची.

३

‘पोरींचा चावटपणा,’ असं तिनं ठरवलं. साठ पोरी दीड महिना कोंडल्यावर काय काय करतील याचा नेम नाही. तिनं कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली. दुसऱ्या दिवशी सकाळी, किटली ठेवायच्याही आधी, तिनं डबा उघडला. आणखी चार ओळी झाल्या होत्या.

टाके तिनं खिडकीशी नेऊन पाहिले. विणकाम शिकवणाऱ्या बाईला टाक्यावरून हात ओळखता येतो. कुणाचा घट्ट, कुणाचा ढिला, कुणी रागात असली की सुटलेला टाका. हे टाके एकसारखे होते आणि सगळे उलट्या बाजूला झुकलेले होते. डावखुरी पोर बघून बघून शिकली की तिचे टाके तसे झुकतात. यंदा खोलीत डावखुरी एकही नव्हती. मावशीनं त्या आठवड्यात प्रत्येकीला काही ना काही लिहायला लावून खात्री करून घेतली.

दुसरी गोष्ट फळीची.

दुपारी दीडला पोरी फेरीसाठी अंगणात जमत आणि खोली रिकामी होई. त्या वेळी मावशी एकटी बसून दिवसभराचे चुकलेले टाके दुरुस्त करायची. अशात एके दिवशी दाराबाहेरची फळी करकरली. “कोण आहे गं?” तिनं विचारलं. कुणी बोललं नाही. तिनं उठून दार उघडलं. लांबच लांब व्हरांडा, एका बाजूला गोठलेल्या काचा आणि दुसऱ्या बाजूला साठ कोट काढून नेलेल्या साठ खुंट्या. माणूस नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी तिनं सुतारकाकाला बोलावलं.

“थंडीनं लाकूड आकसतं, मावशी,” सुतारकाका फळीवर गुडघे टेकून म्हणाला. “मीपण आकसतो. हा गुडघा ऐका, यापुढे तुमची फळी काहीच नाही.”

“गप्पा नकोत. खिळे मारा.”

“मारतो हो. सहा मारतो. मग हत्ती नाचला तरी वाजायची नाही.”

त्यानं सहा खिळे मारले, वर उभं राहून उड्या मारून दाखवल्या आणि चहा पिऊन गेला. फळी हूं की चूं करत नव्हती. मावशीला हायसं वाटलं. दीड वाजला, अंगणात सरांची शिट्टी झाली, आणि फळी करकरली.

या वेळी मावशी उठली नाही. सुई हातात धरून ती कान देऊन बसली, आणि तेव्हा एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. फळीवर कुणी येऊन उभं राहिलं की ती एकदा वाजते आणि निघून गेलं की दुसऱ्यांदा. येण्याचा आवाज ती रोज ऐकत होती. जाण्याचा तिनं एकदाही ऐकला नव्हता. म्हणजे जे येत होतं ते दारापलीकडे थांबून राहत होतं, परवानगी मिळेपर्यंत पोर थांबते तसं.

‘लाकूड आकसतं,’ तिनं स्वतःला बजावलं. ‘आणि टाके? टाक्यांचं काय?’

४

हिवाळ्याचा महिना उलटला. डब्यातला मोजा कधी एक ओळ, कधी अर्धी, असा वाढतच होता. मोठ्या बाईंचा बेत जोरात होता. पोरींनी बर्फाची मोठी मासोळी केली, तिला काचेचे तुकडे लावून खवले केले. संध्याकाळी दालनात नकला व्हायच्या. सुतारकाकाच्या गुडघ्याची नक्कल तर दोनदा करायला लावली. मावशीही हसली. दिवसातला तेवढा एक तास ती डब्याचा विचार करत नसे.

एका सकाळी विणकाम आटोपल्यावर मुंगी दप्तर, पाट आणि कुणाचा तरी मोडका स्टूल असं सगळं एकदम उचलून निघाली. दारात वळून म्हणाली, “जाते गं, मावशी.”

मावशीच्या हातून सुई पडली.

“काय म्हणालीस?”

“जाते म्हटलं.”

“येते म्हणावं. लहानपणापासून येते म्हणतेस. हे कुठून शिकलीस?”

मुंगीनं स्टूल खाली ठेवला. “येते म्हटलं की यावं लागतं ना मग,” ती समजावून सांगायच्या सुरात म्हणाली. “मग कितीपण लांबून यावं लागतं. पाय दुखतात.”

“कुणाचे पाय दुखतात?”

“तिचे.”

“कोण ती?”

मुंगी गोंधळली. फेरीच्या वेळी रांगेच्या मागे असते ती, असं काहीतरी म्हणाली. नाव नाही सांगितलं तिनं. चेहरा नाही दिसत, टोपी खूप खाली आहे. बोलते कमी. रोज सगळ्या निघाल्या की तिला उलटं शाळेकडे यावं लागतं. एक मोजा आहे तिच्याकडे, दुसरा नाही, तो झाला की मग बघू म्हणते.

“मग बघू म्हणजे काय?”

“ते नाही माहीत. मला म्हणाली, तू सोबत येशील का. मी म्हटलं मावशीला विचारते.” मुंगीनं मान तिरकी केली. “येऊ का मी तिच्याबरोबर? थोडंच लांब.”

मावशीनं तिला जवळ ओढलं. पोरीच्या टोपीला लोकरीचा, साबणाचा, नेहमीचा वास होता. “नाही,” ती म्हणाली. “अजिबात नाही. मी जा म्हणेपर्यंत तू कुठंही जायचं नाहीस. कळलं?”

“कळलं.”

“म्हण.”

“तू जा म्हणेपर्यंत कुठंही जायचं नाही,” मुंगीनं म्हणून दाखवलं, आणि सगळा पसारा उचलून लंगडी घालत निघून गेली.

५

त्याच दुपारी मावशी मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. त्या शेवटच्या दिवसाच्या प्रदर्शनाची यादी करत होत्या.

“बाई, मुंगीला फेरीतून काढा. आणि शेवटची फेरी कड्याकडे नेऊ नका.”

“अहो, कड्याकडे नाहीच नेत यंदा. तळ्याच्या कुंपणापर्यंत जायचं आणि मागं फिरायचं. सर प्रत्येक गाठ स्वतः मारतात, दोनदा मोजतात. काय झालंय?”

मावशीनं सांगायचा प्रयत्न केला. डब्यातला हातमोजा, फळी, मुंगीचं बोलणं. ते अर्धं मिनिट मात्र तिनं याही वेळी गिळलं, आणि ते वगळल्यावर बाकीचं ऐकायला अगदीच पोरकट वाटलं.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. त्या वाईट नव्हत्या. “मावशी, ती पोर गेल्यापासून आपण कुणीच धड झोपलेलो नाही,” त्या म्हणाल्या. “पोरी आपापसात काहीबाही गोष्टी रचतात, मुंगीनं ऐकलं असेल. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. आपण घाबरलो तर या साठजणी पुन्हा पांघरुणात शिरतील. मुंगीला तुम्हाला ठेवायचं तर ठेवा आजाऱ्यांच्या खोलीत, नर्सताई आहेत तिथं.”

मावशी परतली ती एक गोष्ट मनाशी ठरवून. तिनं कुलूप उघडून डबा काढला. हातमोजा जवळजवळ पुरा झाला होता. अंगठा झाला होता, वरचा आकारही झाला होता. सुयांवर फक्त शेवटचे आठ टाके राहिले होते, बंद करायचे. उसवून टाकावा, असं तिला क्षणभर वाटलं. दोन मिनिटांचं काम. पण पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं तर? त्या पोरीला आणखी एक अख्खा हिवाळा यावं लागलं तर?

तिला तेव्हा मुंगीचे शब्द आठवले. पोर हट्टानं येत नव्हती. आपण तिच्याकडून ‘येते’ म्हणवून घेतलं होतं, म्हणून येत होती. तिला परत जा म्हणणारं कुणी भेटलंच नव्हतं. मग ते आपणच म्हणायचं. जो शब्द तोंडातून काढू नये म्हणून बावीस वर्षं पोरींना टोकलं, तोच.

६

शेवटच्या दिवशी ऊन पडलं होतं. सगळं अंगण लखलखत होतं, पोरींचा कल्लोळ चालला होता. मावशीनं मुंगीला स्वतः आजाऱ्यांच्या खोलीत नेऊन बसवलं. “मला बरं नाहीये का?” मुंगीनं विचारलं. “आजच्यापुरतं नाहीये,” मावशी म्हणाली. पोरीचे डोळे भरले, पण ती बसली.

सव्वाच्या सुमाराला मावशीनं तेव्हापासून तसेच राहिलेले शेवटचे आठ टाके बंद केले, उजव्या हातानं, आपल्या नेहमीच्या पद्धतीनं. दोरा तोडला. हातमोजा हातात घेतला तेव्हा तो गार होता. तिनं तो दाराबाहेरच्या फळीवर ठेवला, दार लावलं, आतून कडी घातली, आणि टेबलाशी येऊन बसली. शेगडीत लाकडं तडतडत होती. अंगणातला कल्लोळ हळूहळू रांगेत लागला. शिट्टी झाली.

फळी करकरली.

आठवडाभर मनात घोळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली, आणि जे आलं ते ती बोलली.

“आलीस? दमलीस गं. चूक माझी होती, तुझी नव्हती. तुला मी थांबवायला नको होतं. मोजा ठेवलाय बघ पायाशी, तो घे. आणि आता जा.”

बाहेर काही हाललं. मग मफलरआडून यावा तसा दबका, लहान आवाज आला. “जाऊ?”

मावशी म्हणाली, “जा, बाळा. मी म्हणतेय ना, जा. परत येऊ नकोस.”

“बरं, मावशी. जाते.”

फळी दुसऱ्यांदा करकरली. अख्ख्या हिवाळ्यात पहिल्यांदा जाण्याचा आवाज आला. मावशीनं टेबलावर डोकं टेकलं आणि ती रडायला लागली. वर्षभराचं काहीतरी छातीवरून उतरलं होतं. सुटली पोर, तिच्या मनात आलं, सुटली एकदाची.

मग व्हरांड्याच्या लांबच्या टोकाकडून, उड्यांवर उड्या पडत असताना, तोच आवाज मोकळा होऊन आला.

“तू रागावली नाहीस ना मग?”

साठ पोरी तिला तुम्ही म्हणायच्या. तू म्हणणारी एकच होती.

कडी निघता निघेना. थंडीनं बोटं आखडली होती, कडी होती तिथं दोन कड्या दिसत होत्या. दार उघडलं तेव्हा फळीवर हातमोजा नव्हता. व्हरांडा रिकामा होता. ती धावली. आजाऱ्यांच्या खोलीच्या दारात ताई हातात औषधाची बाटली घेऊन उभी होती. “अहो, तुम्हीच परवानगी दिलीत ना?” ती म्हणाली. “विचारायला गेली होती. आत्ता ओरडत गेली इथून, मावशी जा म्हणाली, मावशी जा म्हणाली!”

अंगणात कुणी नव्हतं. मासोळीच्या पलीकडे, उतारावर, पोरींची रांग दोरावर हळूहळू पुढे जात होती आणि तळ्याकडून ढग वर येत होता. रांग मोठी होती, तिचं पुढचं टोक पांढऱ्यात शिरलंसुद्धा होतं. अगदी मागे, शेवटच्या पोरीपासून जरा अंतर ठेवून, मुंगी लंगडी घालत चालली होती. तिच्या डाव्या हातात लाल मोजा होता.

तिच्या शेजारी, थोड्या वरच्या उंचीवर, दुसरा एक लाल ठिपका चालला होता. त्या ठिपक्यामागं अंग असं मावशीला काही दिसलं नाही. ऊन डोळ्यांवर येत होतं आणि मागे सगळं पांढरं होतं. पण मुंगीनं मान वर करून त्या बाजूला काहीतरी विचारलं, आणि उत्तर मिळाल्यासारखी मान डोलावली.

“मुंगे!” मावशी ओरडली. “मागं फीर! ये! ये गं!”

मुंगी थांबली. वळून तिनं हात हलवला, लाल मोज्याचा. एवढ्या अंतरावरून तोंड दिसत नव्हतं, पण ती हसत असणार. मग ढग आला.

७

साडेतीनला रांग परतली. पोरी सगळ्या होत्या. सरांनी दोनदा मोजल्या होत्या, निघताना आणि परतताना, आणि दोन्ही वेळा आकडा बरोबर होता, कारण मुंगी त्या आकड्यात नव्हतीच.

“मागे कुणी नव्हतं,” सर पुन्हा पुन्हा म्हणत होते. “मावशी, शपथ घेऊन सांगतो. शेवटची गाठ मी मारली, मागे दोन हात दोर मोकळा सोडला, आणि निघालो. मागे कुणी आलं असतं तर दोराला ओढ लागली असती.”

तो दोन हात मोकळा दोर सुतारकाकानं उचलला. त्याला दोन गाठी होत्या. दोन्ही घट्ट, दोन्हींत कमरपट्टा मावेल एवढी जागा, आणि जागा रिकामी. सुतारकाकानं उभा जन्म गाठी मारण्यात घालवला होता. त्यानं त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि दोर खाली ठेवला. “डाव्या हाताच्या आहेत,” तो म्हणाला.

शोध झाला. तळ्यावरचा बर्फ कुठंही फुटलेला नव्हता. मावशीनं त्या रात्री मोठ्या बाईंना ते अर्धं मिनिटही सांगितलं आणि दारातलं बोलणंही सांगितलं. बाईंनी तिचा हात धरून ठेवला. ‘तुमचा काही दोष नाही,’ असं त्यांनी म्हणायला हवं होतं, पण त्यांच्याच्यानं म्हणवलं नाही.

८

आता रस्ता उघडलाय. जेवणघरावरची पाटी काढून टाकलीय, तिच्या जागी भिंतीवर फिका चौकोन उरलाय. खालच्या गावातली माणसं पुन्हा घळी धुंडाळून गेली.

मावशी साडेसातला कुलूप उघडते, शेगडी पेटवते, किटली ठेवते. पोरी विणून झालं की दारात वळून “येते, मावशी” म्हणतात, आणि ती मान हलवते. एखादी चुकून जाते म्हणाली तर सगळ्याजणी टेबलाकडे बघतात. मावशी तिला टोकत नाही.

दुपारी दीडला खोली रिकामी होते तेव्हा ती दार सताड उघडून समोर खुर्ची टाकून बसते. सुतारकाकाला सांगून तिनं फळीचे सहाही खिळे काढून घेतलेत. मांजर गेलं तरी फळी वाजते. “ये गं,” मावशी हलक्या आवाजात म्हणते, “मी चुकून म्हटलं. ते तुला नव्हतं. ये.” असं ती अडीचपर्यंत म्हणत राहते. एकदा तर तिनं स्वतः फळीवर उभं राहून, रिकाम्या खोलीकडे तोंड करून, मुंगीच्या वतीनं “येते, मावशी” म्हणून पाहिलं.

शेपूट वर्षभरानं आली होती, कारण ती ‘येते’ म्हणून गेली होती. मावशी रोज ती फळी ऐकत बसते. फळी वाजत नाही. मुंगीला परत येऊ नकोस म्हणून सांगितलंय, आणि मुंगी सांगितलेलं ऐकते.